दाबलं की आत जातं? इसबाविषयीच्या एका जुन्या समजुतीची गोष्ट



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. इंजिनीअरिंग करून इतरांच्या कोडमधल्या चुका शोधण्यावर पोट भरणारा माणूस आहे. तेव्हा खाली जे लिहिलंय तो वैद्यकीय सल्ला नाही. एका समजुतीचा माग काढत काढत मी कुठे कुठे जाऊन आलो, त्याचा हा वृत्तांत आहे. लांबला आहे, सवडीनं वाचा.

विषय आहे इसब, म्हणजे एक्झिमा. आमच्या कन्येला चौथ्या महिन्यात गालांवर लाल चट्टे उठले. सहाव्या महिन्यापर्यंत ते हातापायांवर पसरले आणि घरातली झोप संपली. इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या डॉक्टरीणबाईंनी दिवसातून तीन-चार वेळा भरपूर मॉइश्चरायझर आणि चट्ट्यांवर थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड मलम लिहून दिलं. त्या संध्याकाळी सांगलीला आईशी फोनवर बोलणं झालं.

"मलम लावून दाबू नकोस रे ते. बाहेर येतंय तर येऊ दे. दाबलं की आत जातं आणि मग दमा होतो. तुझ्या काकाचं काय झालं माहीत आहे ना?"

माहीत होतं. काकाच्या अंगावर लहानपणी खूप खाज होती. कुणीतरी मलम दिलं, अंग स्वच्छ झालं, आणि पाचव्या वर्षी दमा सुरू झाला तो कायमचा. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यात एका मावशीनं भर घातली की बाळंतपणात हिनं आंबट खाल्लं, ते दुधातून उतरलं.

मी एरवी पुराव्याच्या गप्पा मारणारा माणूस. पण 'दमा' हा शब्द ऐकल्यावर घाबरलो. आम्ही मलम बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात चट्ट्यांतून पिवळं पाणी यायला लागलं, खपल्या धरल्या, ताप चढला. खाजवून फुटलेल्या त्वचेत जंतू शिरले होते. अँटिबायोटिक द्यावं लागलं. दवाखान्याबाहेर बायको मला एवढंच म्हणाली, "माझ्या दुधामुळेच झालं ना हे?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून वाचायला बसलो. एक्झिमा म्हणजे काय, हे कुणीही सांगेल. मला हवं होतं ते वेगळंच: 'दाबलं की आत जातं' हे आलं कुठून?

*

सुरुवात नावापासून करू. 'एक्झिमा' हा शब्द ग्रीक आहे, अर्थ 'उकळून वर येणे'. आपल्या भाषेत सांगायचं तर उतू जाणे. सहाव्या शतकातल्या अमिडाच्या एशियस या वैद्याच्या लिखाणात तो आढळतो. नावातच एक कल्पना दडलेली आहे, की आत काहीतरी तापलंय आणि ते त्वचेवाटे बाहेर येतंय. आता उतू जाणाऱ्या पातेल्यावर कुणी घट्ट झाकण लावेल का? मग मलम लावणं म्हणजे झाकण लावणं, असं वाटणं साहजिक होतं. शरीरातले चार द्रव बिघडले की रोग होतो, हे युरोपातलं वैद्यक कित्येक शतकं मानत होतं. त्यांच्या लेखी त्वचा म्हणजे मोरी, घाण बाहेर टाकण्याची वाट. तान्ह्या मुलांच्या डोक्या-गालांवरच्या खपल्यांना 'क्रस्टा लॅक्टिया', दुधाची खपली, म्हणायचे आणि ती बरी न करणंच मुलाच्या हिताचं, असं भले भले मानत. म्हणजे आमची मावशी एकटी नव्हती, तिच्या बाजूला अख्खा युरोप होता.

आपल्याकडे काय होतं? चरकसंहितेत अठरा प्रकारची कुष्ठं सांगितली आहेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. या अकरांतली एक 'विचर्चिका'. खाज, सावळट पुटकुळ्या आणि भरपूर स्राव हे तिचं वर्णन वाचलं तर आजचा इसबच डोळ्यांसमोर येतो. उपचारात आधी शोधन आणि मग लेप, असा क्रम आहे. म्हणजे आधी आतलं साफ करा, मग बाहेरून लावा. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत हेही विरुद्ध आहाराच्या यादीत आहेच. आपल्या घराघरांत ते अजून पाळतात.

पण एक घोटाळा इथेच सुरू होतो. 'कुष्ठ' या शब्दात तेव्हा त्वचेचे कितीतरी विकार येत. पुढे मराठीत तो शब्द महारोगाला चिकटला. बोलीत खरूज, नायटा, गजकर्ण, इसब ही नावं वेगळी असली तरी वापरताना आपण सगळी एकाच पिशवीत टाकतो. खरूज किड्यामुळे होते आणि ती लागते. नायटा, गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि तेही लागतं. इसब मात्र एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण हा फरक करतो कोण? मागे एका गणपतीच्या कार्यक्रमात आमची मुलगी रांगत गेली तेव्हा एका बाईंनी आपलं बाळ हळूच उचलून घेतलं. राग त्यांचा नाही आला. ती पिशवी फार जुनी आहे, एवढंच.

*

त्या पिशवीमुळे युरोपात जे झालं, ते वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसलो.

खरजेचा किडा १६८७ सालीच सापडला होता. बोनोमो आणि चेस्टोनी या दोन इटालियन माणसांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला, त्याचं चित्र काढलं आणि हाच खाजेचं कारण आहे असं लिहिलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८१२ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या गालेस नावाच्या औषधतज्ज्ञानं प्रबंधात किड्याचं चित्र छापलं, पण पुढे कळलं की तो चीजमध्ये सापडणारा किडा होता! सगळीकडे हसं झालं आणि किडाबिडा काही नसतोच, या मताला जोर आला.

नेमक्या याच काळात, १८२८ मध्ये, होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी जुनाट रोगांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की बहुतेक जुनाट रोगांच्या मुळाशी 'सोरा' नावाचा एक दोष आहे. खाज हे त्याचं बाहेरचं रूप. बाहेरून मलम लावून खाज दडपली, की तो दोष आत वळतो आणि दम्यासारखे रोग निर्माण करतो. पुढे फिलाडेल्फियाच्या कॉन्स्टंटाइन हेरिंग यांच्या नावानं एक नियमही रूढ झाला, की खरा आजार आतून बाहेर बरा होत येतो. म्हणजे त्वचेवर पुरळ उठलं तर ते चांगलं लक्षण!

हे वाचलं आणि मला आईचं वाक्य शब्दशः ऐकू आलं. होमिओपॅथी भारतात आली ती एकोणिसाव्या शतकात. बंगालमध्ये रुजली, डॉ. महेंद्रलाल सरकारांसारखे नामवंत डॉक्टर १८६७ मध्ये तिच्याकडे वळले, आणि पुढे देशभर पसरली. आतला दोष ही कल्पना आपल्या ओळखीचीच होती. आपल्या वैद्यकातली ती आणि जर्मनीहून आलेली ही, दोन्ही इतक्या बेमालूम मिसळल्या की आता आपल्याला ते आजीच्या बटव्यातलं वाटतं.

गंमत पुढे आहे. हानेमान यांच्या ग्रंथानंतर सहाच वर्षांनी, ऑगस्ट १८३४ मध्ये, त्याच सेंट लुई रुग्णालयात रनुच्ची नावाच्या विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर सुईच्या टोकावर खरजेचा किडा काढून दाखवला. हा मुलगा कॉर्सिका बेटावरचा. तिथल्या गरीब बायका असा किडा काढतात, हे त्यानं पाहिलं होतं. पॅरिसच्या पंडितांना जे दीडशे वर्षं जमलं नाही, ते खेड्यातल्या बायकांना येत होतं. तेव्हा 'घरगुती ज्ञान' म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. फक्त ते तपासून घ्यायचं.

*

ते तपासायचं काम केलं व्हिएन्नात फर्डिनांड हेब्रा यांनी. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १७९८ पासून त्वचारोगांची दिसण्यावरून वर्गवारी सुरू केली होती. पुरळ, पुटकुळी, खवले, डाग अशी. म्हणजे पिशवी रिकामी करून डबे लावायला सुरुवात झाली होती. हेब्रा पुढे गेले आणि त्यांनी विचारलं, कारण काय? त्यांनी खरजेचा किडा स्वतःच्या अंगावर सोडून घेतला. खरजेच्या असंख्य रुग्णांना नुसत्या बाहेरच्या मलमानं बरं केलं. दाबलेली खाज कुणाच्या छातीत शिरली नाही. क्रोटन तेलासारखे दाहक पदार्थ लावून निरोगी त्वचेवर इसबासारखं पुरळ उठवून दाखवलं. खाजवल्यानंही इसब होतो, असंही ते सांगत. मलम लावा, बरं होतं, आणि आत काहीही जात नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

फ्रेंच मंडळींना हे पटलं नाही. मूळ प्रकृतीतच दोष असतो, असं ते म्हणत राहिले. व्हिएन्ना म्हणे बाहेरून, पॅरिस म्हणे आतून. हा वाद कित्येक वर्षं चालला.

मला वाटलं होतं की गोष्ट इथे संपेल. हेब्रा बरोबर, आई चूक. पण मग काकाच्या दम्याचं काय? तो तर खरंच झाला होता.

१८९२ मध्ये सेंट लुईच्याच अर्नेस्ट बेनिए यांनी नोंदवलं, की लहानपणापासून खाजरी त्वचा असलेल्या काही रुग्णांना दमा आणि गवतताप, म्हणजे इथे उन्हाळ्यात आपल्यापैकी निम्म्यांना शिंका आणतो तो हे फीव्हर, हेही होतात. घराण्यातही ते चालत आलेलं असतं. १९२३ मध्ये अमेरिकेत कोका आणि कुक यांनी या प्रवृत्तीला नाव दिलं 'ॲटोपी'. शब्द सुचवला कोलंबिया विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी. अर्थ? 'जागेवर नसलेलं', विचित्र. मंडळी, या अर्थानं आपण सगळेच परदेशस्थ ॲटोपिक! १९३३ मध्ये वाइज आणि सुल्झबर्गर यांनी 'ॲटोपिक डर्मटायटिस' हे नाव रूढ केलं.

तर आईचं निरीक्षण बरोबर होतं. ज्यांना लहानपणी इसब असतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे दमा होतो. आणि मुलं मोठी होताना इसब पुष्कळदा आपोआप कमी होतो. आता हे दोन्ही जोडा. इसब ओसरायची वेळ आणि दमा सुरू व्हायची वेळ पुष्कळदा एकच. मध्ये कुणीतरी मलम लावलेलं असतंच. मग खापर मलमावर फुटतं. आमच्या धंद्यात हे रोज होतं. सोमवारी कोड टाकला, मंगळवारी सर्व्हर पडला, म्हणून सगळे त्या पोरावर तुटून पडतात. लॉग पाहिले तर डिस्क शनिवारपासूनच भरत आलेली असते.

*

आता बायकोच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला जास्त टोचत होता.

विसाव्या शतकाच्या मध्यात मानसशास्त्राचा बोलबाला झाला. १८९१ पासून फ्रेंचांनी 'न्यूरोडर्मटायटिस' हा शब्द चालवलाच होता, म्हणजे नसांचा रोग. १९५० मध्ये फ्रांझ अलेक्झांडर यांनी मनाशी जोडलेल्या सात आजारांची यादी केली, त्यात दमाही होता आणि हाही. त्याआधी १९४८ मध्ये अमेरिकेत ६३ ॲलर्जिक मुलांवर एक लेख आला, त्याचा विषय काय होता माहीत आहे? आईनं मुलाला मनातून नाकारणं! म्हणजे रात्र रात्र जागणारी आई डॉक्टरांकडे जायची आणि 'तुमचं मुलावर प्रेम नाही' असं सुचवलं जायचं. दमलेली, चिडलेली आई त्यांनी पाहिली. पण मूल खाजवतं म्हणून आई दमली, हे सरळ कारण सोडून आई अशी म्हणून मूल खाजवतं, असं उलटं लावलं.

आमच्या मावशीचं आंबट आणि या विद्वानांची नकार देणारी आई, दोन्ही एकाच पंक्तीत. रोगाचं कारण सापडलं नाही की समोर उभ्या असलेल्या बाईला धरायचं. ताणामुळे खाज वाढते हे खरं आहे. पण इसब त्यातून जन्मत नाही.

*

मलमाची भीती मात्र निव्वळ खुळी नाही, हेही सांगायला हवं.

१९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून पाहिलं आणि इसबाच्या उपचारात क्रांती झाली. नंतर त्याहून कितीतरी जहाल स्टेरॉइड मलमं आली. ती महिनोन् महिने वाट्टेल तशी लावली की त्वचा पातळ होते, विशेषतः चेहऱ्यावर. भारतात तर स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये घातलेली मलमं दुकानदार चिठ्ठीशिवाय द्यायचे आणि लोक ती गोरं होण्यासाठी चेहऱ्याला फासायचे. मार्च २०१८ मध्ये सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंदी घातली. २०२१ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनीही दीर्घकाळ वापरानंतर मलम थांबवताना होणाऱ्या त्रासाबद्दल इशारा दिला.

पण याची दुसरी बाजू आहे. २००० साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०० रुग्णांना किंवा त्यांच्या पालकांना विचारलं. ७२.५ टक्के लोकांना स्टेरॉइड मलमाची काळजी वाटत होती आणि २४ टक्के लोकांनी त्या काळजीपोटी ते नीट वापरलं नव्हतं. तेव्हा आम्ही एकटे नव्हतो. जहाल मलम वर्षभर चेहऱ्यावर फासणं आणि सौम्य मलम डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीतीला तो फरक दिसत नाही.

*

आणि आता शेवटचा टप्पा. इथे सगळं उलटंपालटं होतं.

२००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोन दोष इसबाशी घट्ट जोडलेले आहेत. युरोपीय वंशाच्या सुमारे नऊ टक्के लोकांत ते असतात. आशियात वेगळे दोष सापडतात, आणि इसब असलेल्या सगळ्यांत ते असतातच असंही नाही. या प्रथिनाचं काम काय? त्वचेचा वरचा थर एकसंध आणि ओलसर ठेवणं. ते कमी पडलं की गिलावा उडालेल्या भिंतीसारखं होतं. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं आत झिरपतं.

म्हणजे पातेलं उतू जात नव्हतं. भिंत गळत होती.

बाहेरचं काय आत जातं? २००३ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या अभ्यासात दिसलं, की ज्या बाळांच्या फुटलेल्या त्वचेवर शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीम लावली होती, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. २००८ मध्ये त्यांच्या गटानं ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. तिथली बाळं शेंगदाण्याचा खाऊ लहानपणापासून खातात. मग ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती अशा ६४० बाळांवर चाचणी झाली. निकाल आला २०१५ मध्ये. सुरुवातीच्या तपासणीत ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी दिसली नव्हती, त्यांच्यात टाळणाऱ्या गटातल्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात १.९ टक्के. तोंडावाटे गेलेलं शरीर ओळखीचं मानतं, फुटलेल्या त्वचेतून शिरलेलं शत्रू मानतं, असा आजचा अंदाज आहे. (तीव्र इसब असलेल्या बाळाला हे घरी परस्पर करून पाहू नका, डॉक्टरांना विचारून करा.)

म्हणजे 'आत जातं' हे खरं निघालं! फक्त मलम लावल्यानं रोग आत जात नाही. त्वचा उघडी सोडल्यानं बाहेरचं आत जातं. आमची कन्या तीन आठवडे नेमकी तशीच उघडी होती.

आपल्या घरगुती उपायांचाही या नजरेनं हिशेब मांडला. फुटलेल्या त्वचेवर डाळीचं पीठ आणि साय चोळणं बंद केलं. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं, असं वाटायचं, पण २०१३ च्या एका प्रयोगात ते त्वचेच्या थराला अपायकारक ठरलं. खोबरेल तेलानं मात्र फिलिपिन्समधल्या एका चाचणीत मुलांच्या इसबाला फायदा झाला. इथल्या जड पाण्यालाही आपण शिव्या घालतो, पण २०११ च्या ब्रिटिश चाचणीत पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा इसबाला जास्तीचा फायदा झाला नाही. ते पैसे वाचवा. आणि आधीपासून मॉइश्चरायझर लावलं तर इसब टळतो का? २०२० मध्ये १३९४ बाळांवरच्या चाचणीचं उत्तर 'नाही' आलं. झालेल्या इसबावर मात्र तो पायाच आहे.

*

हे सगळं आईला कसं सांगायचं, हा प्रश्न होता. 'तू चुकलीस' म्हणून चाललं नसतं, आणि ते पूर्ण खरंही नव्हतं. रविवारी फोन केला. म्हटलं, "आई, काकाचं तू बरोबर पाहिलंस. इसबवाल्या मुलांना दमा होतो हे डॉक्टरांनीही लिहून ठेवलंय. पण तो मलमानं होत नाही. दोन्ही एकाच मुळातून येतात."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णांना आजी आयुष्यभर बोलत राहिली रे. ते मलम त्यांनीच आणलं होतं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. हे मला कधीच माहीत नव्हतं. काकाच्या दम्याची गोष्ट पाठ होती, पण त्या गोष्टीत एक गुन्हेगारही होता आणि तो हा आरोप घेऊनच गेला, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बायकोला उत्तर दिलं, "नाही. तुझ्या दुधामुळे नाही." तिनं विचारलं, नक्की? या खेपेला नक्की म्हणता आलं.

कन्या आता शाळेत जाते. थंडीत कोपरांच्या वळ्या अजून लाल होतात, मग मलम लागतं. दमा झालेला नाही. पुढे झालाच, तर त्याचं खापर घरात कुणावर फोडायचं नाही, एवढं आम्ही ठरवलंय.

तुमच्या घरातही असा एखादा काका आणि अशी एखादी मलमाची गोष्ट असेल तर जरूर लिहा. डॉक्टर मंडळींनी माझ्या चुका काढाव्यात.

चू. भू. द्या. घ्या.